कॅरियरवर (विमानवाहू जहाजावर) फायटर विमानं एवढी आपटतात का की मुद्दाम आपटवतात?

खगराज:
काल रात्री सुपर हॉर्नेट या अमेरिकन नौदलाच्या फायटरच्या लँडिंगचे स्लो मोशन व्हिडिओ बघत बसलो होतो. मागची चाकं डेकला लागली की शॉकॲब पार आत दबतात, पंखांखाली लटकवलेलं सगळं थरथरतं आणि मग नाक धाडकन खाली येतं. प्रवासी विमानात असा दणका बसला तर लोक देवाचा धावा करतील राव. एवढे निवडून काढलेले पायलट, मग यांना जरा अलगद टेकवता येत नाही का, शेवटी नाक थोडं वर घेतलं की झालं ना? आणि रोज असं आदळून विमान टिकतं कसं? अजून एक, टेकल्यावर इंजिनाचा आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढतो असं वाटलं, ते खरंय का? लिंका नकोत, समजेल असं लिहा.

जुना टेलविंड:
मुद्दामच. नाक वर घेऊन अलगद टेकवणं म्हणजे फ्लेअर, आणि तिथे फ्लेअर करायचाच नसतो. रनवेवर फ्लेअर करताना विमान जमिनीलगत थोडं तरंगत जातं, शेदोनशे मीटर पुढे टेकलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. कॅरियरवर विमानाच्या शेपटीखालचा हुक डेकवरच्या आडव्या केबलमध्ये अडकला तरच ते थांबतं. अमेरिकेच्या निमिट्झ वर्गाच्या बहुतेक जहाजांवर अशा केबल असतात चार (नव्या फोर्ड जहाजावर तीनच), दोन केबलमधलं अंतर साधारण १२ मीटर, आणि विमान येतं साडेतीन अंशाच्या आसपासच्या कोनात. आता गणित करून बघ, या कोनात हुक १ फूट वर राहिला तर तो १६ फूट पुढे जाऊन टेकणार. अडीच फूट वर म्हणजे एक अख्खी केबल गेली. यात फ्लेअर केलास तर चारही केबल पोटाखालून जातील आणि तुला कळणारही नाही. म्हणून जो कोन आणि जो अँगल ऑफ अटॅक (समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन) धरलाय तो डेक लागेपर्यंत तसाच ठेवायचा, नजर डेकवर नाही तर डावीकडच्या दिव्यांवर, ज्याला ते लोक मीटबॉल म्हणतात. शेवटच्या दोन सेकंदात पायलट डेककडे बघायला लागला की हात आपोआप काहीतरी करतात आणि घोळ होतो. डेकच्या कडेला उभा असलेला एलएसओ, म्हणजे लँडिंग सिग्नल ऑफिसर, जो स्वतः पायलटच असतो, प्रत्येक लँडिंगला मार्क देतो, आणि ते सगळ्यांना दिसतील असे स्क्वाड्रनच्या बोर्डावर लागतात.

शून्य अंश:
वरच्यात आकडे घालतो. विमानाचा वेग समजा १३५ नॉट, समोरून वारा आणि जहाजाची चाल मिळून २५, म्हणजे डेकच्या मानाने ११० नॉट. साडेतीन अंशाने येतंय म्हटल्यावर खाली यायचा वेग निघतो सेकंदाला साधारण साडेतीन मीटर. प्रवासी विमान नेहमीच्या लँडिंगला टेकतं ते मीटरभर किंवा त्याहून कमी वेगाने, आणि त्याचा लँडिंग गिअर (चाकं आणि त्यांचे पाय) डिझाइन करतात सेकंदाला ३ मीटरसाठी. म्हणजे कॅरियरवरचं रोजचं, काहीही न चुकलेलं लँडिंग हे प्रवासी विमानाच्या डिझाइन लिमिटच्या वर आहे!! हॉर्नेटचा गिअर साधारण साडेसात मीटरपर्यंत सोसेल असा बनवलाय. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते हे लक्षात घे, त्यामुळे साडेतीन आणि साडेसात यात दुप्पट नाही, चौपटीहून जास्त फरक आहे. उंचीच्या भाषेत, रोजचा दणका म्हणजे विमान दोन फुटांवरून सोडल्यासारखा, आणि लिमिट म्हणजे नऊ फुटांच्या वरून. एवढी जादा ताकद ठेवावी लागते कारण डेक स्वतः वरखाली होतं, विमान खाली येताना नेमकं डेक वर आलं तर दोन्ही वेग एकत्र होतात.

खगराज:
दोन फूट वाचून हसलो, मला दहापंधरा वाटले होते. मग जमिनीवरचं फायटर घेऊन त्याला फक्त हुक लावला तर?

शून्य अंश:
मोडेल. एफ-३५ए (जमिनीवरचं) आणि एफ-३५सी (कॅरियरवरचं) शेजारी शेजारी बघ. सीचा गिअर दणकट आहे, नाकाला एकाऐवजी दोन चाकं आहेत, आणि पंखांचं क्षेत्रफळ ४३ चौरस मीटरवरून ६२ वर गेलंय, कारण मुळात हळू येता आलं पाहिजे. राफेल एम, म्हणजे कॅरियरवरचं राफेल, तेसुद्धा जमिनीवरच्या राफेलपेक्षा साधारण पाचशे किलो जड आहे. हुकाचा ओढा मागच्या सांगाड्यात बसतो, तोही भाग मजबूत करावा लागतो.

रात्रपाळी:
इंजिनाचं: बरोबर ऐकलंस. चाकं लागली की पायलट थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलतो, कारण हुकाने केबल पकडली का नाही हे तेव्हा कळलेलं नसतं. पकडली तर विमान दोन सेकंदात थांबतं, नाही पकडली तर पुढे जेमतेम डेक उरलेलं असतं, तेव्हा पॉवर वाढवायला सुरुवात केली तर विमान पाण्यात. केबल न पकडता तसंच पुढे उडून जाण्याला बोल्टर म्हणतात, परत फेरी मारून या. २०१६ मध्ये आयझेनहॉवर जहाजावर ई-२सी हॉकआय या रडारच्या विमानाने केबल पकडली आणि केबलच तुटली, विमान डेकच्या टोकावरून खाली गेलं, पाण्याच्या अगदी वरून सावरून वर आलं. तुटलेल्या केबलने डेकवरचे आठजण जखमी झाले, विमानातले सगळे सुखरूप.

जुना टेलविंड:
एक गैरसमज नको म्हणून परत आलो. जोरात आदळणं हे उद्दिष्ट नाहीये, कोन सांभाळला की तेवढा दणका पदरात पडतोच. खरी भीती असते खाली राहण्याची. १९५१ मध्ये मिडवे जहाजावर एक पँथर फायटर डेकच्या मागच्या कडेला आदळून दोन तुकडे झालं, पायलट वाचला ते नशीब. जानेवारी २०२२ मध्ये कार्ल विन्सनवर एफ-३५सीचं तसंच झालं, पायलट घाईच्या पद्धतीने आत वळला आणि पॉवर सांभाळणारा ऑटोमॅटिक मोड चालूच केला नव्हता, पॉवर कमी आहे हे कळेपर्यंत उशीर झालेला. पायलट धरून सात जखमी, विमान समुद्रात. हा मोड आता सुपर हॉर्नेटमध्येही आहे, त्यामुळे पूर्वी शेवटच्या पंधरावीस सेकंदात स्टिक आणि थ्रॉटलच्या शेकडो बारीक हालचाली लागायच्या त्या खूप कमी झाल्यात.

खगराज:
आणि लिमिटच्या वर आदळलं तर कळतं कसं, पायलट सांगतो?

रात्रपाळी:
पायलटवर सोडत नाहीत. विमानातला कॉम्प्युटर नोंद करतो, मग गिअर, त्याचे जोड, टायर, आजूबाजूचा सांगाडा सगळं तपासून झाल्याशिवाय ते विमान परत उडत नाही. टायरचं म्हणशील तर जहाजावर हॉर्नेटच्या मागच्या चाकांत ३५० पीएसआयच्या आसपास हवा भरतात, जमिनीवर असताना कमी ठेवतात.