मदत हवी आहे: पेडल मारून प्रोजेक्टर चालवतोय, मध्येच बंद पडतो (सायकल फिल्म आणि कला महोत्सव)

दोनचाकी_वेडा
अर्जंट आहे. आमच्या शहरात सायकलवरच्या फिल्म आणि कलाकृती यांचा छोटा महोत्सव करतोय, शनिवारी संध्याकाळी उघड्या मैदानात पहिला शो. ठरलंय असं की बाहेरून वीज घ्यायची नाही, प्रेक्षकांनीच आळीपाळीने सायकल मारायची आणि त्याच्यावरच पडदा उजळायचा. चार सायकली स्टँडवर लावल्यात, मागच्या चाकाला मोटर (चाकाने फिरवली की वीज देते), तिथून इन्व्हर्टर, तिथून प्रोजेक्टर. सुरू होतो, चित्र सुंदर येतं, आणि मग बंद. पोरं जिवाच्या आकांताने पेडल मारतायत तरी बंद. आणि कधी कधी तर जोरात मारलं की उलट लगेच बंद पडतो, हे तर डोक्याबाहेरचं आहे. इन्व्हर्टर बदलून बघितला, तेच. कुणी केलंय का असं काही? लवकर सांगा प्लीज, आणि "सरळ वीज घ्या" हे सोडून सांगा.

ओहमचा_नियम
प्रोजेक्टर किती वॉटचा? मोटर कुठली, किती व्होल्टची? मध्ये बॅटरी आहे का? बंद पडताना इन्व्हर्टर बीप करतो का नुसताच मरतो? यातलं काहीच लिहिलं नाहीत, सांगणार काय आम्ही.

दोनचाकी_वेडा
प्रोजेक्टर साधाच आहे हो, ऑफिसात असतो तसला. बीप करतो.

ओहमचा_नियम
"साधा" म्हणजे ६० वॉटचाही असतो आणि ३५० चाही. खाली स्टिकर असेल, वाचून सांगा. आणि बाकीच्या प्रश्नांचं काय?

जुना_कॅरिअर
मोटरच्या भानगडीत पडूच नका. कारचा अल्टरनेटर (गाडीची बॅटरी भरतो तो) लावा. त्याच्या आत रेग्युलेटर असतो, १४ व्होल्टच्या आसपास आपोआप धरून ठेवतो, कितीही जोरात मारा. आम्ही एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात लावला होता, दिवसभर चालला.

ओहमचा_नियम
अल्टरनेटर पेडलला अजिबात नको. एक तर त्याला आधी फील्ड कॉइलसाठी (आतलं चुंबक तयार करणारी गुंडाळी) बाहेरून करंट द्यावा लागतो, म्हणजे बॅटरी आलीच. दुसरं, तो नीट चालायला मिनिटाला हजार-दीड हजारच्या वर फेरे लागतात. आणि कार्यक्षमता जेमतेम ५०-६० टक्के. इंजिनला ते परवडतं, माणसाच्या पायांना नाही. कायम चुंबकाची मोटर किंवा ई-सायकलची हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसते ती) त्यापेक्षा कितीतरी बरी.

जुना_कॅरिअर
आमचा चालला होता एवढं मला माहितीये. पुस्तकी टक्केवारी राहू द्या.

ओहमचा_नियम
काय चालवलं होतं त्यावर? बल्ब की प्रोजेक्टर?

जुना_कॅरिअर
बल्ब आणि एक छोटा पंखा. पण तत्त्व तेच.

घंटीवाली
महोत्सवाची कल्पना फार आवडली. एक विचारते, लोक येणार सायकलवर, मग त्यांच्या सायकली लावणार कुठे? हे नेहमी शेवटी आठवतं. बॅरिकेडला टेकवून ठेवायला सांगितलं की एक पडली की सगळी रांग पडते. उलट्या यू आकाराचे स्टँड मिळाले तर बघा, दोन स्टँडमध्ये निदान एक मीटर अंतर सोडा, आणि दोन स्वयंसेवक टोकन देऊन बसवा. सायकलीच्या महोत्सवात सायकल चोरीला गेली तर माणूस परत कशाला येईल!

दोनचाकी_वेडा
पार्किंगचं नंतर बघू, आधी प्रोजेक्टर. स्टिकर वाचलं, २८० वॉट. शिवाय स्पीकर ४० वॉटचा. मोटर २४ व्होल्टच्या, जुन्या ई-स्कूटरच्या, चारही सारख्या. इन्व्हर्टर १२ व्होल्टचा. बॅटरी नाही. बॅटरी मुद्दामच नाही, कारण लोकांनी पेडल मारलं की चित्र आणि थांबले की अंधार, हाच सगळा मुद्दा आहे.

ओहमचा_नियम
आता कळलं. तुमच्याकडे एक नाही, दोन अडचणी आहेत आणि दोन्ही एकमेकींच्या उलट्या आहेत म्हणून तुम्ही गोंधळलात.

पहिली, वीज कमी पडतेय. रोज सराव नसलेला माणूस तासभर आरामात पेडल मारेल तर साधारण ७५ वॉट देतो, १०० म्हणजे चांगलाच. त्यातलं टायर घसरण्यात, मोटरमध्ये, वायरीत, इन्व्हर्टरमध्ये जाऊन टोकाला ६० टक्के पोचलं तरी नशीब. म्हणजे एका सायकलीचे ४५ वॉट धरा. चार सायकली १८०. तुम्हाला हवेत ३२०. पोरं पहिली काही मिनिटं दुप्पट जोर लावतात तेव्हा चालतं, दमली की व्होल्टेज साडेदहाच्या खाली येतं आणि इन्व्हर्टर बीप करून बंद होतो. या हिशोबाने तुम्हाला आठ सायकली लागतील, त्यापण सतत भरलेल्या.

दुसरी, २४ व्होल्टची मोटर जोरात फिरली आणि त्या क्षणी लोड कमी असला, म्हणजे प्रोजेक्टरचा दिवा अजून पेटायचाय वगैरे, तर व्होल्टेज सरळ १६, १८, २० वर जातं. १२ व्होल्टचे इन्व्हर्टर साधारण १५-१६ च्या वर स्वतःला वाचवायला बंद होतात. म्हणून जोरात मारलं की लगेच बंद. इन्व्हर्टर बदलून काही होणार नव्हतं, तो त्याचं काम बरोबर करतोय.

आणि एक महत्त्वाचं, तो प्रोजेक्टर दिव्याचा आहे. वीज अशी अचानक गेली की आतला पंखा पण थांबतो, दिवा मात्र भयंकर तापलेला असतो. असं पुन्हा पुन्हा झालं तर दिवा जाईल. भाड्याचा असेल तर आजपासून ते प्रयोग थांबवा.

दोनचाकी_वेडा
बापरे, भाड्याचाच आहे. मग करू काय? आठ सायकली आणि आठ मोटरी आता कुठून आणू.

पडदा_आणि_प्रकाश
एलईडी किंवा लेझरवाला प्रोजेक्टर घ्या. मी लहान गटांसाठी फिल्म दाखवतो, माझा एलईडीवाला ७० वॉट खातो. उजेड कमी पडेल, त्यामुळे पडदा सहा-सात फूट रुंदीचाच ठेवा आणि पूर्ण अंधार झाल्यावरच सुरू करा, सूर्य बुडाला म्हणजे अंधार झाला असं नसतं. फक्त खोक्यावर लिहिलेल्या ल्यूमेनवर विश्वास ठेवू नका, ॲन्सी ल्यूमेन (ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड) किती ते विचारा. आणि रस्त्यावरचा दिवा पडद्याच्या मागे येईल असं बसवा, समोर नको.

ओहमचा_नियम
हेच लिहायला आलो होतो. ७० + ४० = ११० वॉट. चारातल्या तीन सायकली चालू असल्या तरी पुरतात, चौथ्यावर माणूस बदलता येतो. पण मध्ये बॅटरी टाका, नाहीतर दुसरी अडचण तशीच राहील. मोटर > डायोड > चार्ज कंट्रोलर > १२ व्होल्ट बॅटरी > इन्व्हर्टर. चार्ज कंट्रोलर म्हणजे बॅटरी जास्त भरू न देणारा. डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, प्रत्येक सायकलीला वेगळा. तो नसेल तर थांबलेल्या सायकलीची मोटर बाकीच्यांच्या विजेवर स्वतःच फिरायला लागते आणि तुमची वीज तिथे जाते.

फ्रीव्हील
बॅटरी टाकली तर मग पेडलला अर्थ काय उरला? बॅटरी घरून चार्ज करून आणायची आणि लोकांना व्यायाम करायला लावायचा, हा देखावा झाला. धागाकर्ते बरोबर म्हणतायत, थांबलं की अंधार व्हायलाच हवा. मोठे कपॅसिटर (थोडीशीच वीज साठवतात) लावा, काही सेकंदांचा धक्का सोसतील आणि फसवणूकही नाही.

ओहमचा_नियम
कपॅसिटर लावा की, पण जास्तीच्या व्होल्टेजचं काय? ते कापायला रेग्युलेटर लागेलच. आणि बॅटरी म्हणजे फसवणूक कशी काय? शो सुरू होताना बॅटरीत जेवढं होतं तेवढंच शेवटी असेल तर सगळी वीज लोकांचीच झाली ना. दीड तासाला १६५ वॉट-तास लागतात. एक वॉटमीटर आत येणाऱ्या विजेला, एक बाहेर जाणाऱ्या, दोन्ही आकडे लोकांना दिसतील असे लावा. संपला प्रश्न.

फ्रीव्हील
आकडे वाचायला कोण येतंय. फिल्म बघताना अंगावर आलं पाहिजे की हा उजेड माझ्या मांडीतून येतोय.

रंगरेषा
मी कलावाल्या बाजूने बोलते. प्रोजेक्टरची गडबड असेल तर प्रोजेक्टर साध्या विजेवर चालवा (माफ करा, नको म्हणालात तरी सांगते) आणि पेडलवर कलाकृती चालवा. प्रत्येक सायकलीला एलईडीची एक माळ, पेडल मंद झालं की माळ मंद. तिथे चढउतार झाला तर काही बिघडत नाही, तो चढउतारच बघायचा असतो. फ्रेंच कलावंत द्युशांने १९१३ साली स्टुलावर सायकलचं चाक उलटं बसवलं, पिकासोने १९४२ मध्ये सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, दोघांनी सायकलीतली गती काढून घेतली आणि वस्तू ठेवली. तुमच्याकडे गती आहे. ती तुम्ही एका काळ्या डब्यात घालून फिल्ममध्ये विरघळवून टाकताय असं मला वाटतं.

फ्रीव्हील
द्युशांचं चाक फिरायचं हो. तो ते हाताने फिरवून बघत बसायचा.

रंगरेषा
बरोबर, तो फिरवायचा. संग्रहालयात मात्र हात लावू देत नाहीत. माझा मुद्दा प्रेक्षकाचा आहे.

जुना_कॅरिअर
अल्टरनेटरमध्ये हे डायोड आतच असतात, एवढंच सांगून थांबतो.

चढाचा_रस्ता
फिल्म कुठल्या दाखवताय आणि परवानगी घेतलीये का? जुनी आहे म्हणजे फुकट असं नसतं. "बायसिकल थीव्ह्ज" ही इटालियन फिल्म १९४८ ची आहे म्हणून लोक बिनधास्त लावतात, पण युरोपात दिग्दर्शक, पटकथाकार वगैरे मंडळींतला शेवटचा माणूस गेल्यावर ७० वर्षं हक्क राहतो, आणि त्या फिल्मच्या पटकथाकारांपैकी सुझो चेक्की दामिको २०१० मध्ये गेल्या. प्रत्येक देशाचा नियम वेगळा, आपला बघून घ्या. तिकीट नसलं तरी मैदानातला शो हा सार्वजनिक शोच असतो. घरी बघायला घेतलेली कॉपी किंवा ऑनलाइनचं सबस्क्रिप्शन चालत नाही.

दोनचाकी_वेडा
परवानग्या आहेत, सगळ्या शॉर्टफिल्म आहेत, ज्यांनी केल्यात त्यांनीच पाठवल्यात, लेखी घेतलंय. प्लीज पॉवरवर बोला.

रंगरेषाताई, तुमचं पटतं पण प्रोजेक्टर पेडलवरच हवा. एलईडीच्या माळा प्रवेशाजवळ लावता येतील, मोटरी मिळाल्या तर.

पडदा_आणि_प्रकाश
शॉर्टफिल्म आहेत हे आधी सांगायचं ना! मग निम्मं काम सोपं झालं. दोन फिल्मच्या मध्ये सायकलवरची माणसं बदला, फिल्म चालू असताना नको. २००१ मध्ये न्यूयॉर्कला ब्रेंट बार्बर यांनी बायसिकल फिल्म फेस्टिव्हल सुरू केला, त्यांना सायकलवर असताना बसने धडक दिली होती त्यानंतर. तिथेही शॉर्टफिल्मचे संच करून दाखवतात. वेगवेगळ्या लांबीच्या असतील तर लहान-मोठी अशी लावा म्हणजे कुणा एकाला पाऊण तास मारत बसावं लागणार नाही.

अजून एक, सायकली प्रेक्षकांच्या मागे ठेवा आणि पडद्यापासून लांब. रोलरवर टायर घासण्याचा आवाज खूप येतो, शांत फिल्ममध्ये काही ऐकू येणार नाही. जास्त आवाजाची फिल्म आधी, शांतवाली शेवटी, तोवर चेनला तेल घातलेलं बरं.

फ्रीव्हील
मागे ठेवल्या तर पेडल मारणारे दिसणार कसे? पडद्याच्या बाजूला, समोरासमोर ठेवा. आवाज येऊ दे. १८९५ ची ल्युमिएर बंधूंची ती कारखान्यातून कामगार बाहेर पडतानाची फिल्म बघा, त्यात सायकलवाले बाहेर येतात, म्हणजे सिनेमा जन्मला तेव्हाच सायकल पडद्यावर आली. आणि त्यांचा सिनेमॅटोग्राफ हाताने हँडल फिरवून चालायचा, चित्र काढायलाही आणि दाखवायलाही. फिरवणारा थांबला की चित्र थांबायचं. तुम्ही करताय ते काही नवं खूळ नाहीये, सिनेमा सुरुवातीला असाच माणसाच्या अंगातून चालायचा. म्हणून म्हणतोय, बॅटरीच्या मागे लपवू नका हो ते.

दोनचाकी_वेडा
हे मला माहीत नव्हतं, भारी आहे. ती फिल्म मिनिटभराचीसुद्धा नाही ना? पहिली तीच लावतो.

ओहमचा_नियम
फ्रीव्हील, आता तुमचं म्हणणं कळलं, पण इन्व्हर्टरला ते कळत नाही. मधला मार्ग सांगतो. छोटी बॅटरी ठेवा, प्रोजेक्टर तिच्यावर, म्हणजे तो सुरक्षित. स्पीकर वेगळा, थेट पेडलवर, १२ व्होल्टच्या छोट्या बक कन्व्हर्टरमधून (तो जास्तीचं व्होल्टेज उतरवून देतो). लोक थांबले की आवाज जाईल आणि चित्र राहील. लोकांना लगेच कळेल आणि भाड्याच्या मशीनला धोका नाही.

फ्रीव्हील
हे चालेल. हे मला आवडलं.

रंगरेषा
छानच आहे हे! मूकपट व्हायला लागला की लोक ओरडतील "मार मार".

दोनचाकी_वेडा
ठरलं, असंच करतो. एलईडी प्रोजेक्टर एका मित्राकडे आहे, ८५ वॉट लिहिलंय, चालेल? बॅटरी केवढी घेऊ? आणि डायोड कुठला सांगा, दुकानात काय मागू.

ओहमचा_नियम
८५ चालेल, स्पीकरसकट १२५, तीन सायकलींचे १३५ होतात, म्हणजे अगदी काठावर, चौथी शक्यतो रिकामी ठेवू नका. आवाजाची एक सायकल वेगळी काढलीत तर तिच्यावर जरा दमदार माणूस बसवा, ४० वॉट सलग द्यायचेत. बॅटरी १२ व्होल्ट ४० एएच (अँपिअर-तास) मिळाली तर उत्तम. लेड-ॲसिड असेल तर निम्म्याखाली उतरवू नका, तरी २४० वॉट-तास हाताशी राहतात. डायोड शॉट्की मागा, १५ अँपिअरचा, सोबत हीटसिंक. चार्ज कंट्रोलर घेताना तो किती व्होल्टपर्यंत आत घेतो ते बघा, २४ व्होल्टच्या मोटरी जोरात फिरल्या तर ३० च्या पुढे जाऊ शकतात. पवनचक्कीसाठीचा कंट्रोलर मिळाला तर जास्त चांगला, त्यात जास्तीची वीज जाळायला डंप लोड असतो.

फ्यूज विसरू नका. बॅटरीच्या प्लस टोकाच्या अगदी जवळ, वायरच्या दुसऱ्या टोकाला नको. २० अँपिअर पुरे. मैदानात अंधारात लोक वायरीवर पाय देणार आहेत.

घंटीवाली
आणि मागच्या चाकांना जाळी किंवा पुठ्ठ्याचं कव्हर लावा. ओढणी, साडीचा पदर, लहान मुलांची बोटं. स्टँडवरच्या चाकाचा वेग दिसत नाही, भयंकर असतो. मुलांना बसवणार असाल तर सीट खाली करायला एक माणूस पाना घेऊन तिथे हवाच.

दोनचाकी_वेडा
हे खरंच डोक्यात नव्हतं, जाळी बसवतो. पार्किंगचं पण स्वयंसेवकांना सांगितलं. उद्या संध्याकाळी सगळं जोडून पूर्ण वेळ चालवून बघतो.

ओहमचा_नियम
पूर्ण वेळ म्हणजे खरंच पूर्ण दीड तास, आणि नवख्या माणसांना बसवून. तुमची तयारीची पोरं बसवलीत तर काहीच कळणार नाही. दर दहा मिनिटांनी बॅटरीचं व्होल्टेज लिहून ठेवा आणि इथे टाका.

मागचा_दिवा
मध्येच विचारतो, मीपण या महोत्सवाला फिल्म पाठवलीये. माझी मराठी सबटायटल लॅपटॉपवर नीट दिसतात पण दुसऱ्या मशीनवर नुसते चौकोन येतात. कुणाला माहितीये का?

पडदा_आणि_प्रकाश
फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि प्लेअरमध्ये देवनागरी फॉन्ट निवडा. तरी जोडाक्षरं तुटली तर सबटायटल फिल्ममध्येच पक्की करून नवीन फाइल पाठवा, मैदानात कुठल्या लॅपटॉपवर चालेल याचा भरवसा नाही. आणि वेगळा धागा काढा हो, इथे बॅटरीचे आकडे यायचेत.