पाच महिन्यांचं लॅब्रॅडॉर कुत्र्याचं पिल्लू सगळं चावतंय, काय करू?

आमचा शेरू पाच महिन्यांचा आहे, सोफ्याचा कोपरा, दोन चपला आणि काल तर चार्जरची वायर, नशीब प्लग काढलेला होता. ओरडलं की तेवढ्यापुरता थांबतो. आई म्हणते बांधून ठेव, पण जीव होत नाही माझा.

—
अगं दात येतायत त्याला! दुधाचे २८ पडून ४२ पक्के येतात, साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत हिरड्या शिवशिवतात. सुती फडकं ओलं करून पीळ देऊन फ्रीजरमध्ये ठेव आणि तू समोर असतानाच दे, आमच्या पिल्लाला जाम आवडायचं. वायरी मात्र आजच उचल.

—
चप्पल तोंडातून ओढू नकोस, त्याला तो खेळ वाटतो. खाऊ दाखव, सोडली की लगेच त्याचं खेळणं दे आणि शाबासकी दे. नंतर ओरडून उपयोग नाही, कशाबद्दल ते त्याला कळतच नाही.

—
शिजवलेलं हाड कुणी सांगितलं तरी देऊ नका प्लीज, तुकडे होऊन आतड्यात अडकतात.

—
थँक्यू सगळ्यांना, फडकं ठेवलंय फ्रीजरमध्ये, चपला माळ्यावर गेल्या.