ऑरेगॉन ट्रेल वर्गात खेळवायचा आहे, नियम कसे ठरवावेत?

पाचवी_ब
नमस्कार. पाचवीला अमेरिकेतल्या पश्चिमेकडच्या स्थलांतराचा भाग शिकवायचा आहे. ऑरेगॉन ट्रेल म्हणजे एकोणिसाव्या शतकात स्थलांतरित ज्या वाटेने गाड्या घेऊन मिसुरीहून ऑरेगॉनला गेले ती वाट. 24 मुलं, म्हणजे चौघांचे सहा गट, आणि 45 मिनिटांच्या 5 तासिका. कॉम्प्युटर नाहीत, मोठा नकाशा, फासे आणि कार्डं एवढ्यावर भागवायचं आहे. तयार खेळांत बहुतेक वेळा फासा पडतो, ‘कॉलऱ्याने मृत्यू’ असं कार्ड निघतं, मुलं हसतात आणि पुढे जातात. त्यातून शिकणं काहीच होत नाही. मुलांनी निर्णय घ्यावा आणि त्याचा परिणाम पुढच्या फेऱ्यांत दिसावा, असं हवं आहे. सामान किती द्यायचं? आजार आणि अपघात कसे आणायचे? आणि तिथल्या मूळ रहिवाशांना खेळात कशी जागा द्यायची?

जू_आणि_आस
सगळा खेळ वजनावर उभा करा. पैसा मुलांना लवकर कंटाळवाणा होतो, वजन होत नाही.

गाडीचा हौदा साधारण 10 फूट लांब आणि 4 फूट रुंद असे. पहिल्या तासिकेला तेवढा चौकोन जमिनीवर चिकटपट्टीने आखा आणि चौघांना त्यात उभं करा. चौघांचं घर यात मावायचं आहे हे सांगावं लागत नाही. माणसं बहुतेक वाट पायीच चालत, गाडी सामानासाठी होती, हेही तिथेच सांगून टाका.

भाराची मर्यादा 2,000 पौंड धरा. त्या काळी एका प्रौढामागे 200 पौंड पीठ, 150 पौंड बेकन (खारवलेलं डुकराचं मांस), 20 पौंड साखर, 10 पौंड कॉफी आणि 10 पौंड मीठ घ्यावं असं सांगत. चौघांचं मिळून 1,560 पौंड. उरलेल्या 440 पौंडांत तंबू, अंथरुणं, हत्यारं, बंदूक, पाण्याचं पिंप, जादा आस, वंगणाची बादली. त्याच ढिगात लोखंडी चूल, कपाट, पुस्तकांची पेटी यांचीही कार्डं ठेवा. वाटेवर अशा टाकून दिलेल्या चुली आणि फर्निचर खरोखरच पडलेलं असे.

एक फेरी म्हणजे 14 दिवस. बैलगाडी दिवसाला 12 ते 15 मैल जाई. 2,000 पौंडांच्या आत असाल तर 15 मैल (फेरीला 210), वर गेलात तर 12 मैल (फेरीला 168). मिसुरीतल्या इंडिपेंडन्सपासून ऑरेगॉन सिटीपर्यंत सुमारे 2,000 मैल. हलक्या गाडीला 10 फेऱ्या लागतात, जड गाडीला 12. प्रत्येक फेरीला माणशी 20 पौंड पीठ आणि 15 पौंड बेकन खोडायचं, म्हणजे अन्न बरोबर 10 फेऱ्या पुरतं. चूल सोबत घेणाऱ्या गटाला आठव्या फेरीच्या सुमारास हा हिशेब कळतो आणि तेव्हा चूल टाकून फारसा उपयोग नसतो. (खाल्लेलं वजन भारातून वजा करू नका, बैलही थकत जातात, म्हणून वेग पहिल्या भारावर ठरवायचा. चूल टाकली तर टाकल्यापासून पुढे 15 मैल.)

निघायची तारीख गटाने निवडावी. 1 एप्रिल घेतली तर गवत उगवलेलं नसतं. पहिल्या दोन फेऱ्या दिवसाला 10 मैलांच्या. 1 मे घेतली तर हलकी गाडी सप्टेंबरच्या मध्यात पोहोचते. 15 जूनला निघणारा नोव्हेंबर उजाडला तरी डोंगरात असतो. तिथे बर्फाचं कार्ड ठेवा. बैल का, घोडे का नाहीत, हेही विचारा: बैल स्वस्त, रानातल्या गवतावर जगणारे आणि दमदार होते.

काठावरून
फाशावर फक्त हवामान सोडा. बाकी सगळं निर्णयातून यावं.

कॉलऱ्यासाठी वाटेवरच्या प्लॅट नदीकाठचा गजबजलेला तळ घ्या. तीन पर्याय: तळालगत खणलेल्या खड्ड्यातलं नितळ दिसणारं पाणी, नदीचं गढूळ पाणी, किंवा दिवसभर फक्त उकळलेली कॉफी. बहुतेक गट नितळ पाणी घेतात. आजारी पडल्यावर कारण सांगू नका. 1849 ते 1852 या कॉलऱ्याच्या वर्षांत वाटेवर ते कुणालाच माहीत नव्हतं. उकळण्याने जंतू मरतात हे शेवटच्या तासिकेला उलगडा, तेव्हा कॉफीवाला गट का वाचला ते मुलं स्वतःच जोडतात.

चाकाचं कार्ड जरूर ठेवा. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि लोखंडी धाव सैल होऊन निसटते. उपाय दोन: पाचरी ठोकून आजच निघा, किंवा चाक रात्रभर पाण्यात ठेवून एक दिवस घालवा. पाचर मारलेलं चाक दोन फेऱ्यांनी पुन्हा सैल होतं.

नदी मात्र खरीच ओलांडायला लावा. 30 × 12 × 6 सेंटिमीटरचं पुठ्ठ्याचं खोकं म्हणजे हौद्याची साधारण 1:10 प्रतिकृती. लांबी दहा पटींनी कमी, तर वजन हजार पटींनी कमी. 2,000 पौंडांना सुमारे 900 ग्रॅम वाळू. खोक्याच्या सांध्यांना मेण लावा आणि पाण्याच्या टबात सोडा. भार सारखा पसरला तर अडीच-तीन सेंटिमीटर बुडून तरंगतं. वाळू एका कडेला असली तर कलंडतं, मेण लावायचं राहिलेल्या फटीतून पाणी आलं तर दोन मिनिटांत तळाला जातं. वाळू पिशवीत भरून ठेवा, नाहीतर टब साफ करण्यातच तासिका जाते.

पाचवी_ब
हिशेब फार उपयोगी पडला. दोन शंका. चौघांतला एकच जण सगळं ठरवतो, त्याचं काय? आणि कुणाचं पात्र मेलं तर ते मूल उरलेले दिवस बसून राहील का?

जू_आणि_आस
चार कामं करा: म्होरक्या, कोठार, बैल-चाकं, रोजनिशी. दर फेरीला ती एकेक घर पुढे सरकवा. आपल्या कामाचा निर्णय त्याचाच, बाकीचे फक्त सल्ला देतील. पात्र मेलेल्या मुलाला शेजारच्या गाडीत पाठवा. तांड्यात अनाथ मुलांना इतर कुटुंबं सांभाळत. त्या गाडीच्या अन्नात आता एक तोंड वाढतं, हे मात्र विसरू देऊ नका. 10 फेऱ्यांत न पोहोचलेल्यांसाठी पाचव्या तासिकेच्या सुरुवातीला दोन झटपट फेऱ्या ठेवा.

शिकारीला फेरीत एकदाच परवानगी द्या आणि तिची किंमत एक दिवस ठेवा, नाहीतर सगळा वर्ग शिकारच करत बसतो.

नकाशा_पसरा
मूळ रहिवाशांबद्दल. मुलांना पिसं लावून त्यांची सोंगं घ्यायला लावू नका आणि ‘हल्ला’ असं कार्ड ठेवू नका. इतिहासकार जॉन अनरू यांनी 1840 ते 1860 या काळाची मोजणी केली आहे: मूळ रहिवाशांच्या हातून 362 प्रवासी मारले गेले, प्रवाशांच्या हातून 426 मूळ रहिवासी. आजार, बुडणं, गाडीखाली सापडणं आणि बंदूक चुकून सुटणं यांचे बळी कितीतरी जास्त. गाड्या गोल लावत त्या मुख्यतः जनावरं आत कोंडण्यासाठी.

त्याऐवजी देवाणघेवाणीची कार्डं ठेवा. वाटेवर पुढे लागणाऱ्या स्नेक नदीच्या परिसरात शोशोनी जमातीचे लोक सॅमन मासा देत आणि कपडे, गळ घेत. नदी उतरायलाही मदत करत. ज्या गटाने जादा सदरे घेतले असतील त्याला इथे फायदा.

सहा खुणांची एक पट्टीही नकाशाशेजारी लावा: गवत आणि जळण. दर गाडीमागे एक खूण खोडायची. सहा गाड्या गेल्यावर पट्टी रिकामी होते, आणि मग प्लॅटच्या खोऱ्यातल्या पॉनी, लाकोटा, शायेन लोकांच्या घोड्यांनी आणि बायसनच्या (अमेरिकेतल्या रानगव्यांच्या) कळपांनी काय खायचं, हा प्रश्न वर्गापुढे ठेवा. शेवटी पोहोचलेल्या गटाला 320 एकरांचा कागद द्या. ऑरेगॉनमधल्या जमीनवाटपाच्या 1850 च्या कायद्याने पात्र ठरलेल्या एकट्या गोऱ्या पुरुषाला तेवढी जमीन मिळे, जोडप्याला 640. मग त्याच नकाशावर तिथल्या जमातींच्या प्रदेशांचा पारदर्शक कागद ठेवा आणि कायदा झाला तेव्हा त्या जमिनींचे करार मंजूर झालेले नव्हते हे सांगा. या चर्चेला किमान 20 मिनिटं राखून ठेवा, म्हणून त्या दोन झटपट फेऱ्या 15 मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका.