मदत हवी आहे : उठल्यावर दोन-तीन तास डोकं जड, अकरानंतर चिडचिड. सवयींत नेमकं काय बदलू?

अर्धजागा

नमस्कार मंडळी. सकाळच्या सवयींवर भरपूर सल्ले वाचून झाले, पण ते एकमेकांच्या विरोधात जातात. त्यामुळे थेट दिनक्रमच देतोय, म्हणजे गोलमोल उत्तरं येणार नाहीत.

झोपायला साडेबारा. गजर ६ चा, स्नूझ करत प्रत्यक्ष उठणं ६:४० ला. उठल्या उठल्या अंथरुणातच अर्धा तास मोबाइल. मग गोड कॉफी आणि दोन-चार बिस्किटं. दिवसभर घरात बसून काम, खिडकीला पडदा. साडेअकराच्या सुमारास एकदम गळाठा आणि विनाकारण चिडचिड. संध्याकाळी ६ ला दुसरी कॉफी. सुट्टीच्या दिवशी झोप दीड ते साडेनऊ.

व्यायाम, थंड पाण्याची अंघोळ, ध्यान, पहाटे ५ ला उठणं, कॉफी दीड तास उशिरा घेणं, असे सगळे सल्ले मिळाले आहेत. सगळं एकदम जमणार नाही. कुठून सुरुवात करू? जाणकारांनी मदत करावी.

खिडकीपाशी

दिनक्रम आकड्यांसकट दिलात हे बरं झालं, निम्मं उत्तर त्यातच आहे.

आधी हिशोब. कामाच्या दिवशी साडेबारा ते ६:४०, त्यात शेवटची ४० मिनिटं गजराने तोडलेली. म्हणजे सलग झोप साडेपाच तास. प्रौढांना किमान ७ तास लागतात. तुमच्या झोपेचा मध्यबिंदू कामाच्या दिवशी ३:३५ ला येतो आणि सुट्टीला साडेपाचला. हा जवळपास दोन तासांचा फरक. दर आठवड्याला घड्याळ दोन तास मागे असलेल्या पश्चिमेकडच्या गावी विमानाने जायचं आणि सोमवारी परत यायचं, असा मार तुमच्या शरीराला बसतोय. याला 'सोशल जेटलॅग' म्हणतात. थंड पाणी आणि ध्यान हे सगळं या दोन गोष्टींनंतर.

उठल्यावरची गुंगी (स्लीप इनर्शिया) सगळ्यांनाच असते. साधारण १५ ते ६० मिनिटांत ती उतरते. झोपेची थकबाकी असेल किंवा गाढ झोपेत असताना गजर वाजला तर ती लांबते. तुमची दोन-तीन तास टिकते, याचा अर्थ कारण सकाळी नाही, आदल्या रात्री आहे.

आता क्रमाने करायचं ते.

गजर ६ चा काढून थेट ६:४० ला लावा. एकच. मोबाइल अंथरुणातून हात पोचणार नाही इतक्या अंतरावर ठेवा. उठायची प्रत्यक्ष वेळ तशीही बदलत नाही, फक्त ४० मिनिटं सलग झोप पदरात पडते. सुट्टीच्या दिवशी जास्तीत जास्त तासभर उशीर, म्हणजे ७:४०. उरलेली झोप दुपारी ३ च्या आत २० मिनिटांची डुलकी काढून भागवा. अर्ध्या तासाच्या वर गेलात तर गाढ झोप लागते आणि उठल्यावर पुन्हा तीच गुंगी.

झोपायची वेळ दर तीन दिवसांनी १५ मिनिटं मागे घ्या. बारा दिवसांत साडेअकरा होतील आणि झोप सात तासांच्या वर जाईल. एका रात्रीत तासभर लवकर आडवं व्हायला जाऊ नका. शरीराचं घड्याळ तयार नसतं, मग छताकडे बघत पडून राहायची सवय लागते आणि ती सोडवणं जास्त अवघड.

उठल्यावर पहिल्या तासाभरात बाहेरचा उजेड. खिडकीत नाही, बाहेर. दिवे लावलेल्या खोलीत १०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर काही हजार, कडक उन्हात लाखापर्यंत. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही कारण बाहुली जुळवून घेते, पण डोळ्याच्या पडद्यातल्या ज्या पेशी मेंदूतल्या मुख्य घड्याळाला वेळ कळवतात त्यांना तो बरोबर कळतो. ऊन असेल तर १० मिनिटं, ढगाळ असेल तर २० ते ३०. सूर्याकडे बघायचं नाही. गडद गॉगल नको, नंबरचा चष्मा चालतो.

पहाटे ५ चा सल्ला तुम्ही मनावर घेऊ नका. शरीराचं तापमान नेहमीच्या नैसर्गिक उठण्याच्या दोन-तीन तास आधी सर्वांत कमी असतं. त्या बिंदूनंतर मिळालेला उजेड घड्याळ पुढे आणतो, म्हणजे रात्री झोप लवकर येते. त्याआधीचा उजेड उलट काम करतो. सुट्टीला साडेनऊपर्यंत झोपणाऱ्या माणसाचा हा बिंदू सकाळी ६-७ च्या आसपास असू शकतो. अशा माणसाने पहाटे ५ ला डोळ्यांवर झगझगीत दिवा घेतला तर रात्रीची झोप आणखी पुढे ढकलली जाईल आणि 'माझ्याच्याने हे होत नाही' असं वाटून तो सगळंच सोडून देईल. निश्चय कमी पडत नाही, वेळ चुकते.

कपभर

वरच्याशी बहुतांशी सहमत, फक्त स्नूझबद्दल थोडं. स्नूझ म्हणजे महापाप असा सूर सगळीकडे असतो, तितकं ते वाईट नाही. पुरेशी झोप झालेल्याने एकदा १० मिनिटं गजर पुढे ढकलला तर फारसं बिघडत नाही. यांच्या बाबतीत मात्र ४० मिनिटं जातात आणि थकबाकी आधीच मोठी आहे, म्हणून बंद करणंच बरं.

कॉफीचं बघू. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात. माणसागणिक हा काळ बराच बदलतो. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत तो जवळपास दुप्पट होतो, धूम्रपान करणाऱ्यांत बराच कमी. संध्याकाळी ६ ला १०० मिलिग्रॅम घेतलंत तर साडेबाराला ४० च्या आसपास शिल्लक असतं. झोप लागेलही, पण ती हलकी होते आणि सकाळी कळत नाही की काय कमी पडलं. तेव्हा दुसरा कप दुपारी २ च्या आत आणा. बंद करण्याची गरज नाही. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, गरोदरपणात २००. फिल्टर कॉफीच्या कपात साधारण ८० ते १०० असतं, काळ्या चहाच्या कपात ४०-५०.

कमी करायचं ठरवलंत तर दर तीन-चार दिवसांनी पाव हिश्श्याने. एकदम सोडलं की १२ ते २४ तासांत डोकेदुखी आणि मरगळ सुरू होते, ती आठवडाभरही राहू शकते. लोक नेमके त्याच दिवसांत 'कॉफी सोडून बघितली, उलट जास्त वाईट वाटलं' असा निष्कर्ष काढतात.

आता तो दीड तासाचा नियम. 'उठल्या उठल्या कॉफी घेतली की अकराला गळाठा येतो, म्हणून ९० मिनिटं थांबा.' याला भक्कम पुरावा नाही. कॅफिन रक्तात शिखराला पोचायला ३० ते ६० मिनिटं लागतात, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासाच्या गुंगीवर ते तसंही फार चालत नाही. थांबून बरं वाटत असेल तर थांबा, पित्त होत असेल तर काहीतरी खाऊन घ्या. पण साडेअकराच्या गळाठ्याचा दोष कॉफीच्या वेळेवर टाकू नका.

अर्धजागा

दोघांचेही आभार. मग साडेअकराचं कारण काय? आणि मोबाइल?

खिडकीपाशी

मोबाइलचं थोडक्यात. अंथरुणातला मोबाइल दोन कारणांनी महागात पडतो. जी ३० मिनिटं उजेडात जायला हवीत ती अंधाऱ्या खोलीत जातात, स्क्रीनचा उजेड त्यासाठी फारच तोकडा असतो. आणि दिवसाची सुरुवात दुसऱ्यांच्या मागण्यांनी होते, त्यात एखादा खवचट निरोप असला की मूड तिथेच ठरला. हाच मोबाइल बाहेर चालून आल्यावर उभ्याने बघा. वेळ आपोआप निम्म्यावर येतो.

साडेअकराचं मूळ बहुधा नाश्त्यात. गोड कॉफी आणि बिस्किटं म्हणजे झटपट पचणारी साखर आणि मैदा. रक्तातली साखर भर्रकन चढते, इन्शुलिन तिला खाली आणतं, आणि काही लोकांत दोन-तीन तासांनी ती सुरुवातीच्या पातळीच्याही खाली जाते. भूक, थरथर, चिडचिड ही त्याचीच लक्षणं. त्यावर अपुऱ्या झोपेची भर.

नाश्ता करायलाच हवा असं नाही. न करता दुपारपर्यंत ठीक वाटणारे लोक असतात. पण करायचा तर २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असलेला करा. इथे अंदाज हमखास चुकतो. एका अंड्यात ६ ग्रॅम, २०० ग्रॅम साध्या दह्यात ७ च्या आसपास. 'अंडं खाल्लं की' एवढ्याने भागत नाही, दोन अंडी आणि वाटीभर दही धरलं तर कुठे आकडा जुळतो. कॉफीतली साखर निम्मी करा. बिस्किटं खायचीच असतील तर नाश्त्यानंतर.

पाणी : उठल्यावर एक-दोन पेले. त्यात लिंबू, मध, काहीही घाला किंवा घालू नका, ताजेपणाच्या दृष्टीने काम पाण्याचंच.

स्टेथो

वरचं सगळं चांगलं आहे, पण सवयींच्या नावाखाली आजार झाकला जाऊ नये म्हणून लिहितो. सात तास सलग झोप आणि नियमित वेळ तीन-चार आठवडे पाळूनही सकाळ तशीच जड असेल तर डॉक्टरांकडे जा.

घोरणं, झोपेत श्वास अडकल्याचं दुसऱ्याने सांगणं, सकाळी डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं ही स्लीप अ‍ॅप्नियाची लक्षणं. झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या या आजारात झोपेचे तास कितीही वाढवले तरी फरक पडत नाही. दिवसा किती झोप येते हे मोजणारी 'एपवर्थ' ही ८ प्रश्नांची गुणपत्रिका भरा. २४ पैकी १० च्या वर गुण आले तर दिवसा येणारी झोप प्रमाणाबाहेर आहे असं समजा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा.

रक्ततपासण्यांत हिमोग्राम (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), जीवनसत्त्व बी १२ आणि एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) पुरतात. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं, तेवढ्यानेही थकवा येतो. मात्र ताप किंवा संसर्ग चालू असताना फेरिटिन फुगतं आणि खरी कमतरता लपते, म्हणून बरं झाल्यावर तपासा. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, आकडे खोटे येतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षं चालू असेल तर बी १२ आवर्जून बघा.

थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, आणि कॉफी व नाश्ता ३० ते ६० मिनिटांनंतर. लोहाची गोळी चहा-कॉफीपासून किमान तासभर लांब. रात्री सर्दीची किंवा अ‍ॅलर्जीची गोळी घेत असाल तर सकाळच्या गुंगीचं कारण तीच असू शकते, डॉक्टरांशी बोलून बदलता येते. रात्रीचं मद्य झोप लवकर आणतं आणि उत्तररात्री मोडतं.

मनाबद्दलही. पहाटे नेहमीपेक्षा दोन तास आधी जाग येणं, सकाळ सर्वांत उदास आणि संध्याकाळी थोडं हलकं वाटणं, आवडीच्या गोष्टींतून मन उडणं, हे दोन आठवडे टिकलं तर ते नैराश्य असू शकतं. ते केवळ सवयी बदलून जाईल या भरवशावर राहू नका. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी मदत घ्या.

अर्धजागा

घोरण्याची तक्रार नाही, पण रात्री सर्दीची गोळी बरेचदा घेतली जाते, ती डॉक्टरांना विचारतो. शेवटचा प्रश्न : सकाळी बाहेर पडणं शक्य नसेल किंवा अंधारच असेल तर दिवा चालतो का? आणि थंड पाणी, व्यायाम?

कपभर

थंड पाण्याने तरतरी येते, काही मिनिटं ते तासभर. घड्याळ त्याने सरकत नाही. हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल तर नकोच. व्यायामाचं म्हणाल तर बाहेर उजेडात १५-२० मिनिटं झपाट्याने चाललात की दोन्ही कामं एकत्र होतात. झोप साडेपाच तासांची असताना पहाटे उठून तासभर जिम हा मात्र तोट्याचा सौदा.

खिडकीपाशी

दिवा चालतो, पण साधा टेबल लॅम्प नाही. १०,००० लक्सचा, अतिनील किरण गाळलेला लाइट बॉक्स हवा. ते १०,००० किती अंतरावर मिळतात हे खोक्यावर लिहिलेलं असतं, बहुधा ४० ते ६० सेंटिमीटर. तिथेच लोक फसतात. अंतर दुप्पट केलं की उजेड जवळपास पावपट होतो, आणि मग 'दिव्याने काही झालं नाही'. डोळ्यांच्या पातळीच्या थोडा वर, जरा बाजूला ठेवा, थेट बघू नका, नाश्ता करताना ३० मिनिटं. तुमच्या बाबतीत ६:४० च्या आधी नको. संध्याकाळी लावलात तर झोप पुढे जाईल.

दिवा घेण्याआधी दोन गोष्टी डॉक्टरांना सांगाच : डोळ्याच्या पडद्याचा आजार आणि बायपोलर (मूड उन्माद आणि नैराश्य यांत हेलकावणारा मनोविकार). दुसऱ्यात तीव्र उजेडाने मूड उन्मादाकडे झुकू शकतो. काही औषधांनीही डोळे आणि त्वचा उजेडाला हळवे होतात, चालू औषधांची यादी बरोबर न्या.

अर्धजागा

मोबाइलवर लक्स मोजायचं अ‍ॅप असतं, ते भरवशाचं आहे का?

खिडकीपाशी

नेमका आकडा त्यातून मिळणार नाही, दोन मोबाइल दोन आकडे दाखवतात. पण तुम्हाला ३०० आणि ५,००० यांतला फरक हवाय, तेवढा कळतो. मोबाइल डोळ्यांजवळ धरा, स्क्रीनची बाजू तुमची नजर जिकडे आहे तिकडे. टेबलावर उताणा ठेवलात तर छतावरच्या दिव्याचं माप येईल. आधी पडदा बंद, मग उघडा, मग दाराबाहेर, असे तीन आकडे इथे टाका. पडदा उघडून टेबल खिडकीला चिकटवल्याने किती भागतंय ते त्यावरून सांगता येईल.