टाइल्सच्या पूलचा तळ घासायला कोणता ब्रश घ्यावा?

सोसायटी_सेक्रेटरी
आमचा पूल १२ बाय ६ मीटर, खोली ३ ते ५ फूट, आतून मोझॅक टाइल्स. पाऊस लागल्यापासून तळाच्या सांध्यांत हिरवं शेवाळ धरतंय, पायऱ्यांवर पाय सरकतो. पूल सांभाळणारा तारेचा ब्रश मागतोय. दुकानात १८ इंची नायलॉनचा, १० इंची तारेचा आणि दोन्ही मिसळलेला, असे तीन ब्रश आहेत. कोणता घेऊ? शिवाय घासलं की पाणी गढूळ होतं आणि सकाळी गाळ पुन्हा तळाला बसलेला असतो.

निळाई
१८ इंची नायलॉनचाच घ्या. पाठ ॲल्युमिनियमची हवी, नुसती प्लास्टिकची जोर लावला की मधेच वाकते. दोन्ही टोकं वर वळलेली असली म्हणजे भिंत आणि तळ मिळतात तो कोपराही निघतो. पायऱ्यांना नायलॉनचा हातब्रश.

तारेचा ब्रश फक्त उघड्या सिमेंट-प्लास्टरसाठी, तोही स्टेनलेस स्टीलचा. टाइलवर तो चरे पाडतो आणि सांध्यांतलं ग्राउट (सांधे भरायचा मसाला) उकरतो. ग्राउटला खाच पडली की पुढचं शेवाळ आणखी खोल रुजतं, म्हणजे आज साफ दिसलं तरी महिन्याभरात दुप्पट त्रास. साध्या लोखंडी तारेला तर हातच लावू देऊ नका: तुटलेली तार तळाला राहते आणि तिच्या गंजाचा डाग घासून निघत नाही. मिसळलेल्या ब्रशातही तार आहेच, तोही नको.

दांडा १६ फुटी घ्या. काठावरून पूलच्या मध्यापर्यंत ३ मीटर, त्यात खोली आणि हातापर्यंतची उंची. १२ फुटी तिथे तोकडा पडतो. ब्रश दांड्यात अडकवणाऱ्या व्ही-क्लिपची दोन्ही बटणं दांड्याच्या भोकांतून बाहेर आलीत ना, ते बघा. एकच आलं असेल तर ब्रश पाण्यात फिरतो. ॲल्युमिनियमचा लांब दांडा उभा करताना वर विजेची तार नाही ना, हे आधी पाहायचं.

फिल्टररूम
ब्रश बरोबर सांगितलाय. पण शेवाळ नुसतं घासून जात नाही. घासल्याने त्याचा बुळबुळीत थर फाटतो आणि क्लोरीन आत पोचतं, म्हणून दोन्ही एकाच संध्याकाळी करा. पाण्याचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा) आधी ७.२ ते ७.४ वर आणा. पंप चालू ठेवून आधी भिंती वरून खाली, मग तळ उथळ बाजूकडून खोल बाजूच्या मेन ड्रेनकडे, म्हणजे तळातल्या पाणी ओढणाऱ्या जाळीकडे. हात सावकाश, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर चारेक इंच चढवायचा. भराभर ढकललं की ब्रश तळावरून उचलला जातो आणि नुसता गाळ उडतो.

तुमचं पाणी साधारण ८६ हजार लिटर. १० पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात दहा भाग) क्लोरीनसाठी ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनची पावडर, सुमारे १.३ किलो. बादलीत आधी पाणी, मग थोडी थोडी पावडर. उलटं करायचं नाही. तळाशी बसलेला चुना बादलीतच राहू द्या, पूलमध्ये गेला तर तोच पांढरा थर होऊन बसतो. रात्रभर पंप चालवा, सकाळी पुन्हा एकदा घासा. क्लोरीन ३ पीपीएमच्या आसपास उतरेपर्यंत कुणाला पाण्यात सोडू नका.

गाळाचं म्हणाल तर, शेवाळ मेलं की पंप बंद करून सात-आठ तास गाळ बसू द्या. मग फिल्टरवरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (पाण्याची वाट बदलणारी चावी) ‘वेस्ट’वर, म्हणजे पाणी थेट बाहेर जाईल असा ठेवून व्हॅक्यूम करा. ‘फिल्टर’वर ठेवलात तर बारीक गाळ फिल्टरच्या वाळूतून निसटून परत पूलमध्ये येतो, तुमच्याकडे बहुधा हेच होतंय. पाणी दोन-चार इंच उतरेल, म्हणून आधी वरपर्यंत भरून घ्या. व्हॅक्यूमचा पाइप पाण्याने पूर्ण भरल्यावरच जोडा, नाहीतर पंप हवा ओढतो.

सोसायटी_सेक्रेटरी
मनापासून आभार. आम्ही एरवी क्लोरीनसाठी टीसीसीएच्या (ट्रायक्लोरच्या) गोळ्या वापरतो. त्याच जास्त टाकल्या तर?

फिल्टररूम
नको. टीसीसीएतून १० पीपीएम क्लोरीन गेलं की सोबत सुमारे ६ पीपीएम सायन्यूरिक ॲसिडही पाण्यात उतरतं. ते उडून जात नाही, साठत राहतं आणि क्लोरीनची धार बोथट करतं. पाण्यातलं सायन्यूरिक ॲसिड तपासून घ्या, १०० पीपीएमच्या वर असेल तर निम्मं पाणी बदलल्याशिवाय शेवाळ हटणार नाही, ब्रश कितीही चांगला आणा. आणि टीसीसीए व हायपोक्लोराइट एकाच बादलीत, अगदी एकाच मापाने सुद्धा घ्यायचं नाही. स्फोट होतो.

निळाई
एक राहिलं: काम झालं की ब्रश साध्या पाण्याने धुऊन सावलीत टांगा. केस बाहेरच्या बाजूला पसरले की तो बदलायचा, कारण मग टोकं सांध्यात शिरतच नाहीत. शेवाळ गेल्यावरही पावसाळाभर आठवड्यातून दोनदा घासा, विशेषतः पायऱ्यांच्या मागचा भाग आणि शिडीखाली, जिथे पाणी फिरत नाही.