ऑक्टोबर-नोव्हेंबरातले व्हेनिस : पायात काय घालावे?

दिवाळीच्या सुट्टीला जोडून युरोपला जाणाऱ्या ठाणे-नवी मुंबईकरांपैकी अनेकांच्या कार्यक्रमात व्हेनिस असते, आणि भरतीचे पाणी त्या शहरात शिरण्याचा हंगामही त्याच सुमारास सुरू होतो. गमबूट सोबत न्यावेत का, चामड्याचे बूट चालतील का, आपले पावसाळी सँडल पुरतील का, असे प्रश्न परिचितांकडून वारंवार येतात. म्हणून तिथे जाऊन आलेल्यांना आपले अनुभव सविस्तर लिहिण्याची विनंती केली होती. कोणते बूट नेले एवढेच न लिहिता पाणी किती होते, कुठे चालावे लागले आणि पायांचे काय झाले, हेही लिहावे असे सुचवले होते. प्रत्येक अनुभवाच्या वर लिहिणाऱ्याचा परिसर दिला आहे. पहिला अनुभव माझाच आहे.

नौपाडा, ठाणे

व्हेनिसमध्ये पाण्याची पातळी सेंटिमीटरमध्ये जाहीर होते. १०० हा आकडा ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर कमरेएवढे पाणी उभे राहते. प्रत्यक्षात ती रस्त्यावरच्या पाण्याची खोली नसते, तर १८९७ साली ठरवलेल्या समुद्रपातळीच्या शून्यापासून मोजलेली उंची असते. शहराच्या अगदी सखल भागांत मोडणाऱ्या सेंट मार्क चौकात साधारण ८० ते ८५ सेंटिमीटरला पाणी साचू लागते. म्हणजे १०० च्या भरतीला तिथे घोट्याच्या थोडे वर पाणी असते आणि शहराचा बहुतेक भाग कोरडा राहतो. ११० ला सुमारे १२ टक्के शहर भिजते, १४० ला निम्म्याहून अधिक. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पातळी १९४ पर्यंत आणि १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७ पर्यंत चढली होती. तसल्या पाण्यात कोणतेच बूट उपयोगाचे नाहीत. त्या वेळी बाहेर न पडणे हाच उपाय.

ऑक्टोबर २०२० पासून मात्र परिस्थिती बदलली आहे. व्हेनिसची खाडी समुद्राला मिळते त्या लिडो, मालामोक्को आणि किओज्जा या तीन मुखांवर भरती अडवणाऱ्या मोझे प्रकल्पाची ७८ पोलादी दारे बसवलेली आहेत आणि अंदाज ११० च्या वर गेला की ती साधारणपणे उचलली जातात. त्यामुळे आता प्रवाशाच्या वाट्याला येणारे पाणी बहुधा ८० ते ११० या पट्ट्यातले, म्हणजे फार तर अर्ध्या पोटरीपर्यंतचे असते, आणि तेही शहराच्या काही भागांतच. बुटांचा निर्णय या पट्ट्याकडे पाहून घ्यावा, २०१९ ची छायाचित्रे पाहून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. आम्ही दोघांनी जाड तळव्याचे, लवकर वाळणारे, बंद कापडी बूट नेले होते. उतरलो होतो तिथे पाहुण्यांसाठी गमबूट ठेवलेले होते आणि सेंट मार्ककडे जाताना तेवढ्यापुरते ते आम्ही वापरले. मुक्कामाची खोली ठरवतानाच ही सोय आहे का आणि आपल्या मापाचे बूट मिळतील का, हे विचारून घ्यावे. लहान पायांच्या बायकांना योग्य माप मिळणे कठीण जाते.

चेंदणी कोळीवाडा, ठाणे

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा हिशेब आमच्या घरात आजही कॅलेंडर पाहून होतो. व्हेनिसला तो हिशेब अर्धाच उपयोगी पडतो. मुंबईत भरती साडेचार मीटरच्या वर जाणार असली की वर्तमानपत्रे इशारा छापतात. तिथे मात्र एरवीच्या भरती-ओहोटीतला फरक फार तर मीटरभराचा असतो. पण ॲड्रियाटिक समुद्र लांब आणि चिंचोळा आहे. आग्नेयेकडून सिरोक्को वारा सलग वाहू लागला की तो पाणी उत्तरेच्या टोकाकडे लोटत नेतो, आणि त्यातच हवेचा दाब उतरलेला असला तर पातळी आणखी वाढते. म्हणून केवळ तिथीवर विसंबू नये. तिथल्या महापालिकेच्या भरती-ओहोटी केंद्राचा पुढच्या दोन-तीन दिवसांचा अंदाज रोज पाहावा. पाणी दिवसभर तुंबून राहत नाही, काही तासांत उतरते. मी न्याहारीच्या वेळी अंदाज पाहून त्या दिवशीचे बूट आणि त्या दिवशीची वाट, दोन्ही ठरवत असे. पाणी चढलेले असताना काही जलबसांचे मार्गही बदलतात, तेही लक्षात घ्यावे लागते.

एका धोक्याविषयी मुद्दाम लिहितो. गमबूट घातले की माणूस निर्धास्तपणे पाण्यात उतरतो. तिथल्या कालव्यांच्या काठांना बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो, आणि पाणी काठावर आले की रस्ता कुठे संपला आणि कालवा कुठे सुरू झाला, हे दिसत नाही. वंदना बस आगाराच्या परिसरात पाणी भरले की उघड्या मॅनहोलच्या भीतीने आपण जसे दुभाजक धरून चालतो, तसे तिथे इमारतींच्या भिंतीकडेने चालावे. काठावरून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर शेवाळ असते. छायाचित्रासाठीही त्यांवर उभे राहू नये.

ऐरोली, नवी मुंबई

आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेलो होतो आणि आम्हाला रस्त्यावर पाणी दिसलेच नाही. त्रास झाला तो पुलांचा. शहरात चारशेहून अधिक पूल आहेत, बहुतेकांना पायऱ्या आहेत आणि मोटारी नसल्यामुळे जलबसमधून उतरल्यावर सगळे पायीच. टाचेला आधार देणारे, आधी भरपूर वापरलेले बूट हीच आमच्या मते पहिली गरज आहे.

कळवा, ठाणे

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ॲक्शन कंपनीच्या ट्रेकिंगच्या बुटांची ओळख करून द्यायला नको. ओल्या कातळावर त्यांची पकड चांगली असते आणि किंमतही झेपणारी असते. तेच बूट मी व्हेनिसला वापरले. तिथल्या गल्ल्यांतल्या करड्या दगडाच्या फरसबंदीवर ओले असतानाही पाय बऱ्यापैकी टिकतो. खरी काळजी घ्यावी लागते ती पुलांच्या पायऱ्यांच्या पांढऱ्या दगडी कडांवर, कारण शतकानुशतकांच्या वर्दळीने त्या गुळगुळीत झाल्या आहेत. रेल्वे स्थानकाजवळचा २००८ साली खुला झालेला वास्तुविशारद कालात्राव्हा यांचा पूल तर काचेच्या पायऱ्यांवरून लोक घसरत असल्याने इतका वादात सापडला की शेवटी काचेच्या जागी दगड बसवण्याचे ठरवावे लागले. तेव्हा बूट घेताना तळव्याच्या खाचा आणि रबराचा मऊपणा पाहावा.

जलरोधक पडदा असलेल्या महागड्या बुटांविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. रिमझिम पावसात ते उत्तम. पण घोट्याच्या वरून एकदा पाणी आत शिरले की तो पडदा तेच पाणी आत धरून ठेवतो आणि थंड, दमट हवेत बूट दुसऱ्या दिवशीही ओले राहतात. साधा जाळीदार बूट भिजतो लवकर, पण रात्रभरात वाळण्याची शक्यता अधिक असते.

नेरुळ, नवी मुंबई

मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या ज्येष्ठ प्रवाशांचा प्रश्न हमखास असतो, की पावसाळ्यात आपण पाण्यातून सँडलने फिरतो, मग तिथे का नको. जुलैमध्ये ठाण्या-वाशीतले साचलेले पाणी कोमट असते. नोव्हेंबरात व्हेनिसमध्ये दुपारचे तापमान १०-१२ अंशांच्या आसपास असते आणि पाणीही तितकेच गार असते. भिजलेल्या उघड्या पायांनी तासभर चालल्यावर बोटे बधिर होतात, पावलाचा अंदाज चुकतो आणि माणूस पडतो. शिवाय हे समुद्राचे पाणी असले तरी त्यात कालव्यांतले सांडपाणी मिसळलेले असते. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी त्या पाण्यात अनवाणी किंवा सँडलने अजिबात उतरू नये. आमच्या सासूबाईंना मधुमेह असल्यामुळे आम्ही त्यांच्यासाठी पाणी असलेली सकाळ सरळ सोडून दिली आणि दुपारी चौक पाहिला. काहीही बिघडले नाही.

बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. लोकरीच्या मोज्यांसाठी आत जागा हवी, म्हणून मोजे सोबत नेऊन माप पाहावे. निघण्यापूर्वी तीन-चार आठवडे ते बूट घालून इथेच रोज चालावे. तलावपाळीची फेरी किंवा पाम बीच रस्त्याचा पदपथ त्यासाठी पुरेसा आहे. गमबुटाला घोट्याचा आधार नसतो आणि त्यात टाच वर-खाली होते, म्हणून ते घालून दिवसभर फिरू नये. मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत असावा आणि मुक्कामी परतल्यावर बोटांच्या बेचक्या नीट पुसून कोरड्या कराव्यात.

वाशी, नवी मुंबई

आमच्यासोबत लहान मुले आणि काठी घेऊन चालणारी आई होती. पाणी येण्याआधी महापालिका मुख्य रस्त्यांवर लाकडी फळ्यांचे उंच मार्ग मांडते. त्यांवर बूट भिजत नाहीत, पण ते अरुंद असतात, दोन्ही बाजूंनी माणसे येत असतात आणि फळ्या ओल्या असतात. आईच्या काठीच्या टोकाला नवे रबर बसवून नेले होते, त्याचा बुटांइतकाच उपयोग झाला.

पाणी दिसू लागताच बुटांवरून चढवायचे रंगीत प्लास्टिकचे आवरण विकणारे फेरीवाले जागोजागी उभे राहतात. मुलांना ते फार आवडले, परंतु त्याचा तळवा पुलाच्या पायऱ्यांवर घसरतो आणि थोडे चालल्यावर ते फाटते. पाणी उतरल्यावर अशा फाटक्या आवरणांचा ढीग कचरापेट्यांशी पाहून वाईट वाटले. ज्या शहराच्या सौंदर्यासाठी आपण एवढ्या दूर जातो, तिथे हा कचरा आपण वाढवू नये. मुलांचे गमबूट वजनाला हलके असतात, ते इथूनच न्यावेत. मात्र खरेदी जून-जुलैत करावी. तेव्हा ते जांभळी नाक्यावर आणि वाशीच्या बाजारात सहज मिळतात. दिवाळीच्या तोंडावर शोधायला गेल्यास दुकानदारांनी पावसाळी माल आत टाकलेला असतो.

खाऱ्या पाण्यात भिजलेले बूट मुक्कामी आल्याबरोबर गोड्या पाण्याने धुवावेत, नाहीतर कापडावर पांढरे डाग पडतात आणि चामडे कडक होऊन तडकते. नंतर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, दोन-तीन तासांनी बदलावेत आणि बूट हीटरला चिकटवून ठेवू नयेत, कारण त्या उष्णतेने तळव्याचा गोंद सुटतो.