'व्रण', 'फूल' आणि 'रोपण' : पारपटलाच्या जखमेचे शब्द

विचारणा : डोळ्यात घालायच्या प्रतिजैविक थेंबांचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. दोन ठिकाणी अडले. 'कॉर्नियल अल्सर'ला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरच्या (पारपटलावरच्या) उघड्या जखमेला, 'पारपटलाचा व्रण' म्हणू का? आणि 'या थेंबांनी जखम बरी व्हायला उशीर लागू शकतो' हे वाक्य चूक वाटतंय. औषधानेच उशीर कसा?

उत्तर : 'व्रण' जपून वापरा. संस्कृतात व्रण म्हणजे वाहती, उघडी जखम. सुश्रुतसंहितेत डोळ्याच्या काळ्या भागाच्या रोगांत 'सव्रण शुक्र' आणि 'अव्रण शुक्र' (शुक्र म्हणजे इथे डोळ्यातला पांढरा डाग) असे दोन वेगळे सांगितले आहेत; पहिल्यात जखम जिवंत असते, दुसऱ्यात नुसता पांढरा डाग. आजच्या बोलण्यात मात्र 'व्रण राहिला' म्हणजे जखम भरली, खूण उरली. अर्थ पार उलटा झाला! रुग्ण 'व्रण' वाचून निर्धास्त होईल आणि थेंब घालायचे थांबवेल. म्हणून 'पारपटलावरची चिघळलेली जखम' लिहा. मागे उरणाऱ्या पांढऱ्या डागाला आपला 'फूल पडणे' हा प्रयोग आहेच, त्याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

आता उशिराचं. इथे आयुर्वेदातली जुनी जोडी कामाला येते : शोधन आणि रोपण. जखम स्वच्छ करणं वेगळं, ती भरून येणं वेगळं. प्रतिजैविक फक्त जीवाणूंना आवरतं, म्हणजे शोधनाच्या बाजूचं काम करतं. भरून येणं पारपटलाचं स्वतःचं : कडेच्या पेशी सरकत येऊन उघडी जागा झाकतात, मग थर जाड होतो, मग तो खाली घट्ट चिकटतो. साधा ओरखडा बहुधा एक ते तीन दिवसांत झाकला जातो. पण या सरकणाऱ्या पेशी नाजूक. जेंटामायसिन, टोब्रामायसिनसारखी औषधं तीव्र करून तासातासाला घातली, की त्यांनाही झळ पोचते. थेंब टिकावेत म्हणून घातलेलं बेन्झाल्कोनियम क्लोराइडही तेच करतं. तरीही संसर्ग असताना थेंब हवेतच, कारण जीवाणू पारपटल पोखरतात आणि ते नुकसान कितीतरी मोठं.

तेव्हा असं लिहाल का : 'हे थेंब जंतुसंसर्ग आवरतात. जखम मात्र आपली आपण भरून येते. थेंब फार वारंवार किंवा फार दिवस घातल्यास तिला वेळ लागू शकतो. किती दिवस घालायचे ते डॉक्टरच ठरवतील.'

विचारणा : मग शीर्षकात 'पारपटल-रोपण' चालेल?

उत्तर : नको, नको! आज 'रोपण' म्हटलं की वाचक प्रत्यारोपणच समजेल. 'भरून येणे' ठेवा. 'खपली धरणे'ही टाळा. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, त्वचेसारखी खपली तिथे धरत नाही.

आणखी एक : सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या थेंबांनी कधीकधी जखमेवर पांढरा थर बसतो. तो औषधाचाच साका असतो, फूल नव्हे, आणि बहुधा थेंब कमी केल्यावर विरघळून जातो. पत्रकात 'पांढरा डाग' लिहिलंत तर लोक घाबरतील. 'औषधाचा साका' लिहा.

विचारणा : 'साका' घेतला. 'पारपटल' ठेवू की 'बुबुळ'?

उत्तर : पारपटलच. शाळेच्या पुस्तकात बुबुळ म्हणजे त्यामागचा रंगीत पडदा. पहिल्यांदा येईल तिथे 'डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच' एवढं जोडा.